दाणा चालला तर साखर, दाणा अडला तर मळी



वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रश्न हमखास येतो. कुणीतरी सभासद उठून विचारतो, "अहो, मळीत एवढी साखर जाते म्हणता, मग ती सगळी काढून का घेत नाही? आमच्याच उसातली आहे ना ती?" प्रश्न रास्त आहे. पण व्यासपीठावरून उत्तर मिळते, "तांत्रिक मर्यादा आहेत," आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि उत्तर देणाऱ्याचेही होत नसावे.

ही तांत्रिक मर्यादा म्हणजे नेमके काय, ते या लेखात सांगायचे आहे. येथे मळी म्हणजे मोलॅसिस समजावे. आपण शेतात टाकतो ती प्रेसमड नव्हे. गंमत अशी की या मर्यादेचे मूळ फार साधे आहे. द्रवात दाणे असले की ते किती दाटीपर्यंत वाहतात आणि कधी एकमेकांत अडकून बसतात, एवढाच तो प्रश्न आहे. त्याचा निम्मा अभ्यास आपण शेतात आणि घरात करून बसलो आहोत. उरलेला निम्मा कारखान्यात आहे, आणि त्याची किल्ली बऱ्याच अंशी पुन्हा आपल्या शेतातच आहे.

चाड्यावरची मूठ

ज्यांनी पाभरीने पेरणी केली आहे त्यांना चाड्यावर मूठ धरणे म्हणजे काय हे सांगायला नको. बी बोटांतून सावकाश सुटले तर नळ्यांतून एकसारखे खाली जाते. नवख्या माणसाने भसकन मूठ मोकळी केली की चाड्याच्या भोकाशी दाणे एकमेकांना टेकतात, त्यांची एक छोटी कमान तयार होते, आणि वर ढीगभर बी असूनही खाली एक दाणा पडत नाही. मग काडीने ढोसावे लागते. पाण्याचे असे कधी होत नाही. भोक कितीही लहान असो, पाणी थेंबाथेंबाने का होईना वाहतेच.

म्हणजे दाण्यांचा ढीग हा धड द्रव नाही आणि धड घनही नाही. मोकळा असेल तर वाहतो, दाटला की दगडासारखा उभा राहतो. कणगीत धान्य भरताना याचा दुसरा एक चमत्कार दिसतो. पाण्याच्या टाकीत पाणी जितके उंच, तितका तळावर दाब जास्त. धान्याचे तसे नाही. काही उंचीनंतर तळावरचा दाब जवळपास वाढतच नाही, कारण दाणे एकमेकांना टेकत टेकत बरेचसे वजन भिंतींवर ढकलतात. जर्मनीतील यान्सेन यांनी १८९५ मध्ये याचे गणित मांडले. धान्याच्या कोठारांचा हिशेब आजही त्यांच्या गणितापासून सुरू होतो.

हरभऱ्याचे माप

आता एक प्रयोग घरी करून बघा. एक लिटरचे माप हरभऱ्याने काठोकाठ भरा. माप भरले असे आपण म्हणतो. आता त्यात पाणी ओता. हरभरा फुगायच्या आत झटपट ओतले, तर साधारण ४०० मिलिलिटर पाणी त्या भरलेल्या मापात मावते. म्हणजे मापात हरभरा फक्त ६० टक्क्यांच्या आसपास होता, बाकी सगळी पोकळी होती.

माप हलवून, ठोकून आणखी हरभरा बसवता येतो, पण त्यालाही हद्द आहे. १९६० मध्ये शास्त्रज्ञांनी एकसारख्या पोलादी गोळ्या भांड्यात भरून मोजमाप केले. कसेही ओता, कितीही हलवा, गोळ्यांनी व्यापलेली जागा सुमारे ६४ टक्क्यांवर थांबते. फळवाला संत्री एकेक हाताने रचतो तशी रचली तर ७४ टक्क्यांपर्यंत जाते. पण कारखान्यात दाणे कोण रचत बसणार? तेव्हा ६४ हा आकडा लक्षात ठेवावा. एकसारखे गोल दाणे द्रवात मिसळले, तर या दाटीच्या जवळ येताच सगळे एकमेकांना टेकतात आणि मिश्रण वाहायचे थांबते. मधल्या पोकळीत द्रव आहे, पण दाण्याला सरकायला जागा नाही. यालाच आपण या लेखापुरते कोंडी म्हणू.

साखरेच्या पाण्यातून निघालेले सूत्र

दाणे टाकल्याने द्रव किती दाट होतो, याचे पहिले सूत्र दिले ते आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी, आणि तेही साखरेच्या निमित्ताने! १९०५ मध्ये झुरिच विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी साखर विरघळवलेले पाणी किती दाट होते यावरून साखरेच्या रेणूचे आकारमान काढले. त्यासाठी, द्रवात गोल कण तरंगत असतील तर त्याचा दाटपणा किती वाढेल, याचे गणित त्यांना करावे लागले. त्या गणितात सुरुवातीला चूक राहिली होती. फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगाशी आकडा जुळेना, तेव्हा त्यांनी ते तपासून घेतले आणि १९११ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध केली. दुरुस्त केलेले सूत्र असे की, दाण्याचे प्रमाण १ टक्का असेल तर मिश्रणाचा दाटपणा सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतो.

पण हे झाले विरळ दाण्यांचे. बाजाराच्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्याने दहा माणसे चालली तर कोण कुणाला अडवतो? दुपारी तिथेच धक्काबुक्की असते. दाण्यांच्या गर्दीसाठी १९५९ मध्ये अमेरिकेत क्रीगर आणि डोहर्टी यांनी जे सूत्र दिले, त्याने एकसारख्या गोल दाण्यांचा ढोबळ हिशेब केला तर आकडे असे येतात. नुसत्या पाकाचा दाटपणा १ धरला, तर—

दाणे ३० टक्के असताना मिश्रणाचा दाटपणा पावणेतीन पट,
४० टक्क्यांना जवळपास पाच पट,
५० टक्क्यांना अकरा पटींहून जास्त,
६० टक्क्यांना ऐंशी पटींहून जास्त,
आणि ६४ च्या जवळ गेलो की गाडी बंद.

आकड्यांची चाल ध्यानात घ्या. ३० चे ४० झाले तर फारसे बिघडत नाही. पण ५० चे ६० झाले की सगळा खेळ पालटतो. शेवटच्या चार-दोन टक्क्यांत होत्याचे नव्हते होते. सभेत सांगितली जाणारी तांत्रिक मर्यादा ती हीच.

पॅनमध्ये काय चालते

आता कारखान्यात येऊ. उसाचा रस स्वच्छ करून, आटवून त्याचा पाक होतो. हा पाक पॅनमध्ये निर्वात स्थितीत कमी तापमानावर उकळतात, म्हणजे साखर करपत नाही. पाक पुरेसा आटला की त्यात बारीक दळलेल्या साखरेचे बी सोडतात. त्या बियाभोवती पाकातली साखर बसत जाते आणि दाणा मोठा होतो. दाणे आणि पाक यांच्या या मिश्रणाला मॅसेक्विट म्हणतात. ज्यांच्याकडे गुऱ्हाळ होते त्यांनी रवा धरलेली काकवी पाहिली असेल. मॅसेक्विट म्हणजे तिचाच मोठा भाऊ म्हणा ना.

पहिल्या प्रतीच्या मॅसेक्विटमध्ये साधारण निम्मा भाग दाणा असतो आणि निम्मा पाक. वरचे आकडे पुन्हा पाहा: म्हणजे पॅनमन सदैव घाटाच्या कड्यावरून गाडी हाकत असतो. जास्त दाणा काढावा तर मॅसेक्विट पॅनमधून खाली उतरणार नाही. कमी काढावा तर पाकात साखर राहील. म्हणून तो दर थोड्या वेळाने काचेवर थेंब घेऊन उजेडात दाणा पाहत असतो. त्याच्या नजरेवर आणि अनुभवावर फार काही अवलंबून आहे.

एकदा दाणा काढून घेतला की उरलेल्या पाकात साखर कमी आणि इतर द्रव्ये जास्त राहतात. तो पाक पुन्हा उकळतात. असे ए, बी, सी असे तीन टप्पे होतात. सी टप्प्यातून जो पाक उरतो ती शेवटची मळी. २०१८ पासून बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवण्यास सरकारी धोरणाने वाव मिळाला. जिथे ती वळवतात तिथे सी टप्पा होत नाही. पण ए आणि बी टप्प्यांत दाण्याचे शास्त्र तेच राहते.

मळीतली सगळी साखर निघत नाही, याची कारणे दोन. एक रासायनिक: उसातले क्षार व इतर द्रव्ये काही साखर विरघळलेलीच धरून ठेवतात. दुसरे यांत्रिक, म्हणजे आपली दाण्यांची कोंडी. सी टप्प्यातला पाक पाण्याच्या हजारो पट दाट असतो. त्यात एक तृतीयांशाच्या आसपास दाणा झाला तरी मिश्रण मोठ्या मुश्किलीने हलते.

समुद्राची वाळू आणि क्रिस्टलायझर

कोकणात देवदर्शनाला गेल्यावर समुद्राच्या ओल्या वाळूवर चालताना एक गोष्ट पाहिली असेल. पाऊल टेकले की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट दिसते. पावलाच्या दाबाने पाणी वर यायला हवे, पण ते उलट आत जाते! मँचेस्टरच्या ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचा उलगडा केला. दाटून बसलेल्या दाण्यांना जागचे हलायचे असेल तर आधी एकमेकांपासून थोडे दूर व्हावे लागते. दूर झाले की मधली पोकळी वाढते, आणि ती भरायला पाणी आत ओढले जाते. त्यांनी रबरी पिशवीत वाळू व पाणी भरून वर काचेची नळी बसवली आणि पिशवी दाबून दाखवली. नळीतले पाणी वर चढण्याऐवजी खाली उतरले.

यातला धडा असा की दाटलेले दाणे हलवायचे तर मध्ये द्रव पाहिजे. द्रव कमी पडला की दाण्यावर दाणा घासतो, आणि जोर लावावा तेवढी ती घट्ट होतात.

आपल्या क्रिस्टलायझरमध्ये हाच पेच येतो. सी मॅसेक्विट पॅनमधून आल्यावर ते क्रिस्टलायझरमध्ये अगदी सावकाश ढवळत थंड करतात. थंड झाल्यावर पाकात साखर कमी मावते, आणि जादा साखर दाण्यावर येऊन बसते. जितके थंड, तितकी मळीत साखर कमी. मग अगदी थंडगार का करू नये? कारण थंड करताना तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. दाणा वाढतो. मधला पाक कमी होतो. आणि उरलेला पाक घट्ट होतो. दहा अंश उतरले की त्याचा दाटपणा दुपटीहून जास्त वाढतो. तिन्हींचे तोंड कोंडीकडेच. मोटरचा अँपिअरचा काटा चढू लागतो. तरीही रेटले तर ढवळण्याचा शाफ्ट वाकतो किंवा मोडतो, आणि मग दगड झालेले मॅसेक्विट पहारीने काढायची पाळी येते.

मग त्यात पाणी ओतून पातळ का करत नाही? कारण साधे आहे. पाण्याने पाक पातळ होतो हे खरे, पण पाणी दाणाही विरघळवते. मोठ्या कष्टाने बसवलेली साखर पुन्हा मळीत जाते. म्हणून मशीनला देण्याआधी मॅसेक्विट थोडेसे तापवून पाक सैल करतात. इतकेच तापवायचे की पाक वाहील, पण दाणा विरघळणार नाही.

हवी ती कोंडी

इथपर्यंत कोंडी म्हणजे शत्रू. पण आता एका जागी ती मुद्दाम हवी असते. सेंट्रिफ्यूगल मशीनमध्ये जाळीची टोपली गरगर फिरते. चार फूट व्यासाची टोपली मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर तिच्या कडेला दाण्याचे वजन सुमारे हजारपट होते. दाणे जाळीवर जाऊन दाटतात, त्यांची भिंत होते, आणि पाक त्या भिंतीतून व जाळीतून बाहेर फेकला जातो. दाण्यांनी थांबायचे आणि पाकाने निघून जायचे, असा हा बेत.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांच्या सँड फिल्टरमध्ये हेच चालते. वाळू जागच्या जागी दाटलेली, आणि पाणी तिच्यातून वाहते. वाळू भरड व एकसारखी असेल तोवर फिल्टर छान चालतो. विहिरीचा बारीक गाळ आला की तो वाळूच्या पोकळ्यांत जाऊन बसतो, दाब वाढतो, पाणी कमी होते, आणि आपल्याला उलटे पाणी सोडून फिल्टर धुवावा लागतो.

दाण्यांच्या थरातून द्रव किती झिरपेल याचे गणित ऑस्ट्रियाच्या कोझेनी यांनी १९२७ मध्ये मांडले आणि कारमन यांनी १९३७ मध्ये ते पुढे नेले. त्याचे सार दोन ओळींत सांगता येते. दाणा निम्मा झाला, तर झिरपण्याचा वेग निम्मा न होता एक चतुर्थांशावर येतो. आणि पोकळी ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली, तर वेग आणखी घटून एक तृतीयांशाहूनही कमी होतो.

आता मोठ्या दाण्यांत बारीक दाणे मिसळले तर काय होईल, ते तुम्हीच सांगाल. बारीक दाणा मोठ्याच्या पोकळीत जाऊन बसतो. पोकळीही घटते आणि दाण्याचे सरासरी आकारमानही घटते. दोन्ही बाजूंनी पाकाची वाट बंद. मग टोपलीतली साखर पिवळी, चिकट राहते. ती धुवायला जास्त पाणी आणि वाफ मारावी लागते. त्या पाण्याने साखर विरघळते आणि पुन्हा पाकात जाऊन तोच फेरा करते. काही बारीक दाणा तर जाळीतून थेट मळीत जातो. म्हणून आम्ही दाण्याच्या आकाराइतकाच त्याच्या एकसारखेपणाचा आग्रह धरतो. पॅनमध्ये नको असताना मागाहून जो बारीक दाणा उगवतो त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. पॅनमनचा तो पहिला शत्रू.

दाणा बिघडतो तो उसात

फॉल्स ग्रेन ही पॅनवरची चूक असू शकते, आणि तेथे दोष आमचाच. पण दाण्याचा दुसरा एक बिघाड आहे, त्याची सुरुवात पॅनच्या फार आधी होते.

ऊस तुटला की कापलेल्या तोंडातून एक जिवाणू आत शिरतो. त्याचे नाव ल्यूकोनोस्टॉक. फ्रान्सच्या व्हान तिघेम यांनी १८७८ मध्ये त्याचे वर्णन केले. तो उसातली साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट, बुळबुळीत पदार्थ तयार करतो. साखर खाल्ली हे एक नुकसान झालेच. पण त्याहून मोठी खोड डेक्स्ट्रान दोन प्रकारे काढतो.

पहिली अशी की तो पाक दाट करतो. दाट पाक म्हणजे पॅन सावकाश, क्रिस्टलायझर जड आणि मशीन मंद.

दुसरी खोड दाण्याच्या आकाराची. साखरेचा चांगला दाणा ठसठशीत, चौकोनी घडणीचा असतो. डेक्स्ट्रान दाण्याच्या काही बाजूंवर चिकटून बसतो आणि तिथली वाढ रोखतो. मग दाणा उरलेल्या दिशेने वाढत जातो आणि लांबुडका, सुईसारखा होतो. आता काडीपेटीतल्या काड्या एका वाटीत ओतून पाहा, आणि तेवढेच शेंगदाणे ओतून पाहा. काड्या एकमेकींत अडकतात, हलत नाहीत. सुईसारखा दाणा पाकात वळताना शेजाऱ्याला धडकतो, म्हणून कोंडी लवकर होते. आणि मशीनच्या जाळीवर तो आडवा पडून एकावर एक असा बसतो की पाकाला वाटच राहत नाही. म्हणजे नको तिथे कोंडी, आणि हवी तिथे कोंडीतून पाक निघेना.

गाळप बंद पडून ऊस यार्डात अडकून राहिला की पुढे त्याचा परिणाम पॅनवर हमखास दिसतो. लॅबोरेटरीत दुर्बिणीखाली लांबट दाणे दिसू लागतात, पॅन उतरायला वेळ लागतो, आणि सी मशीनसमोर मॅसेक्विटची रांग लागते. यार्डातल्या रांगेने कारखान्यातली रांग तयार केलेली असते.

जळालेल्या उसाचे हे दुखणे अधिक लवकर होते, कारण आगीने उसाची साल तडकते आणि वरचे मेण जाते. यंत्राने तोडलेल्या उसाचे तुकडे लहान असतात, म्हणून उघडी तोंडे जास्त, आणि जिवाणूला दारेही जास्त. असा ऊस हाताने तोडलेल्या उसापेक्षा लवकर गाळला गेला पाहिजे. वाढे आणि पाचट मोळीत आले तर त्यातला स्टार्चही रसात उतरतो आणि पाक दाट करतो. वाढ्यांचे वजन काट्यावर मिळते असे वाटते खरे, पण ते पाकात वसूल होते.

हिशेब

आता मुद्द्याचे बोलू. १०० टन उसामागे साधारण ४ टन मळी निघते असे धरू. ५ लाख टन गाळप असेल तर २० हजार टन मळी. या मळीत साखरेचे प्रमाण फक्त १ टक्क्याने जास्त गेले, तर २०० टन, म्हणजे २,००० क्विंटल साखर मळीत गेली. उताऱ्यात हा फरक ०.०४ टक्के दिसतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे. त्या हिशेबाने ०.०४ टक्के म्हणजे टनामागे सुमारे १४ रुपये, आणि ५ लाख टनांवर सुमारे ६९ लाख रुपये. हे झाले फक्त एका टक्क्याचे. जिवाणूने खाल्लेली साखर, जादा वाफ, वाया गेलेला वेळ, हे सगळे वेगळे.

शिवाय हा तोटा ज्याचा ऊस शिळा त्याच्या एकट्याच्या माथी पडत नाही. सगळ्यांचा रस एकाच पाकात मिसळतो आणि उतारा सगळ्यांचा मिळून निघतो. एका गटातल्या चार शिळ्या खेपा ज्याने रात्रभर जागून ताजा ऊस पाठवला त्याचाही दर खाली ओढतात. सहकारात हे असेच असते. नफा वाटून घेतो तसा दोषही वाटला जातो.

कोणी काय करावे

सभासदांनी करण्यासारखे—

१. तोडलेला ऊस त्याच दिवशी फडातून हलेल असे पाहावे. तोडणीपासून गाळपापर्यंत शक्यतो २४ तासांच्या आत काम व्हावे. गाडी निश्चित झाल्याशिवाय तोड सुरू करू देऊ नये.

२. तोड जमिनीलगत, शेंडा योग्य जागी, आणि मोळीत वाढे, पाचट, माती नको. मुकादमाला हे एकदा फडात उभे राहून सांगावे.

३. तोडणी सोपी जावी म्हणून फड पेटवू देऊ नये. चुकून पेटलाच तर गट ऑफिसला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे तो ऊस आधी घेता येईल. लपवून ठेवलेला जळका ऊस सर्वांत महाग पडतो.

४. यंत्राने तोड होणार असेल तर तुकड्यांचा ऊस रात्रभर शेतात उभा राहू नये.

५. तोडलेला ऊस थांबवावाच लागला तर सावलीत, पाचटाने झाकून ठेवावा. याने वाळणे कमी होते. पण जिवाणू थांबत नाही, हे विसरू नये.

आता दुसरी बाजू. सभासद विचारतील, "आम्ही ऊस ताजा तोडला, पण गाडी यार्डात दीड दिवस उभी राहिली त्याचे काय?" हा प्रश्नही रास्तच आहे, आणि त्याचे उत्तर सभासदाने द्यायचे नाही. तोडणी कार्यक्रम गाळपाच्या वेगाशी जुळवणे, यार्डात आधी आलेली गाडी आधी काट्यावर घेणे, मोठा बिघाड झाला तर फडातली तोड ताबडतोब थांबवण्याचा निरोप देणे, मिलवर स्वच्छता राखणे, ही कामे कारखान्याची आहेत. शिळ्या उसाबद्दल सभासदाला बोल लावण्याआधी व्यवस्थेने आपल्या यार्डातल्या रांगेकडे पाहिले पाहिजे. तोडीची वेळ आणि काट्याची वेळ दोन्ही चिठ्ठीवर लिहिल्या गेल्या, तर उशीर कुठे झाला याचा वाद उरणार नाही. सभासदांनी अशी नोंद मागावी. तो त्यांचा हक्क आहे.

मळीतली सगळी साखर काढता येणार नाही, कारण काही साखर पाक सोडत नाही आणि काही दाण्यांची कोंडी सोडू देत नाही. पण कोंडी कुठे व्हावी हे बरेचसे आपल्या हातात आहे. ती मशीनच्या जाळीवर व्हावी, पॅनमध्ये नको आणि यार्डात तर नकोच. चाड्यावर मूठ धरणारा माणूस बी बेताने सोडतो, म्हणून रान एकसारखे उगवते. उसाची खेपही तशीच बेताने, ताजी आणि स्वच्छ सुटली, तर पॅनमधला दाणा एकसारखा बसेल. यंदाच्या सभेत मळीचा प्रश्न जरूर विचारावा. त्याबरोबर आपल्या गटातला ऊस तोडीपासून किती तासांत गाळला गेला, हेही विचारावे.